खिडकीतलं डोस्कं

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडली. ओट्यावर बसलो, मधी सूप. ती पानं खुडून शेळीच्या टोपल्यात टाकायची अन् काड्या सुपात ठेवायची. ती दुसरीकडं बघायला लागली की मी टोपल्यातलं सुपात अन् सुपातलं टोपल्यात करायचो. दोन वर्षांत हे काम मला बराबर जमायला लागलं होतं.

मेथी झाली. च्या ठेवते म्हणली, उठली, चौकटीला हात लावला अन् तिथंच खाली बसली. परत उठली न्हाई. डॉक्टरनं दोन-दोनदा फोटो काढला तो डोक्याचा, अन् दगा दिला छातीनं. शिकलेल्या माणसाचा नेम असा असतो.

हा डॉक्टर औरंगाबादचा. आमचा पोरगा जालन्याला मास्तर आहे. माय भाजीत दोनदा मीठ टाकते, विहिरीवर जाते अन् घागर तिथंच ठेवून येते, हे त्याच्या ध्यानात आलं. माझ्याबी आलं होतं, पण मी म्हातारपणावर घालत होतो. पोरानं खबर आणली, की औरंगाबादला एक मेंदूचा डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याचे फोटो फुकटात काढून राह्यला. माणूस पार इसरून जायच्या आधीच ते फोटोत दिसतं का, हे त्याला शोधायचं होतं. मी गेल्या गेल्या विचारलं, दिसलं तर तुम्ही थांबवता का? त्याला अजून औषध न्हाई म्हणला. वा. म्हणजे छप्पर कुठं गळणार हे आधी सांगणार, अन् मंग आपण त्याच्याखाली बसून राहायचं.

फोटोच्या आधी परीक्षा. आज वार कोणता? ती म्हणली, तीर्थपुरीच्या बाजाराचा दुसरा दिवस. बिलकुल खरं होतं, पण डॉक्टरच्या कागदात तीर्थपुरीचा बाजार नव्हता. शंभरातून सात काढा, त्यातून परत सात काढा, असं चाललं. जिनं जन्मभर विसा-विसानं शेंगा मोजल्या, तिला हा हिशोब. मंग माझ्याकडं बोट करून त्यानं विचारलं, "आजी, यांचं नाव काय?"

तिनं पदर तोंडाला लावला. "मी न्हाई घेत."

"घ्या हो, रागावत नाहीत ते."

ती भिंतीकडं बघत राहिली. डॉक्टरनं कागदावर भोपळा काढला. तिथं मला चेव आला. मी म्हणलं, साहेब, चाळीस वर्षांत या बाईनं माझं नाव घेतलेलं न्हाई. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेबी बायांनी दार अडवून धरलं म्हणून. तुमच्या घरी घेत असतील. डॉक्टर कसनुसा हसला. भोपळा काही खोडला न्हाई.

मशीनमधी जायला अंगावरचं सगळं काढायचं होतं. जोडवी साबण लावून निघाली. मंगळसूत्र ती काढीना. शेवटी पोरगा बाजारातून हळकुंड घेऊन आला, ते दोऱ्यात बांधून गळ्यात घातलं, तवा कुठं आत गेली. गिरणीचा पट्टा सुटल्यावानी खडखड झाली अर्धा तास. बाहेर आली अन् मला म्हणली, दळण झालं का?

ते दळण मी हसण्यावारी नेलं. भोपळ्याची गोष्ट मात्र तीर्थपुरीच्या चहाच्या टपरीवर वर्षभर पुरवली. एवढा शिकलेला, पण बायको नवऱ्याचं नाव घेत न्हाई हे त्याला म्हाईत न्हाई, म्हणून लोक हसून मरायचे. मीच जिंकल्तो.

वर्षानं परत बोलावलं. दुसरा फोटो काढला अन् पहिल्याशेजारी उजेडावर लावला. कानाच्या आतल्या अंगाला एक जागा दाखवून म्हणला, ही बारीक झाली. मी म्हणलं, साहेब, या वयात सगळंच बारीक होतं, माझाबी काढा. त्यानं काढला न्हाई. तिचा जुना फोटो मागितला तर तो दिला.

तो फोटो मी घरी आणून सैपाकाच्या खिडकीत ठोकला. काच फुटलेली होती, वारं यायचं. सकाळी ऊन पडलं की त्यातून डोक्याच्या फाका दिसायच्या, अक्रोड फोडल्यासारख्या. ती रोज विचारायची, "आवो, हे डोस्कं कुणाचं?" मी रोज सांगायचो, डॉक्टरचं. ती रोज हसायची. तिच्यासाठी रोजच नवं होतं.

मंग एक दिवस आम्ही दोघंच होतो. ती जवळ येऊन बसली, इकडंतिकडं पाहिलं अन् हळूच म्हणली, "तुमचं नाव काय हो? मी कुणाला सांगणार न्हाई."

मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला, तसाच, डॉक्टरपुढं लावल्ता तसाच. त्या दिवसापासून मी टपरीवर ती गोष्ट सांगितली न्हाई. त्या दिवशी औरंगाबादला तिला नाव घ्यायचं नव्हतं का आठवत नव्हतं, हे मला आजवर कळलं न्हाई. रीतीमागं लपायला जागा भरपूर असते. डॉक्टरनं भोपळा दिला. मी तर पुरते मार्क देऊन बसलो होतो.

ती गेली त्याच दिवशी दिवे लागायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा राखेला गेला. गावात ग्रामसेवक आल्ता, तो आठ दिवसांतून एकदाच येतो, म्हणून मयताची नोंद करायला मी एकटाच पंचायतीत गेलो. त्यानं वही उघडली.

"बाबा, आजीचं नाव?"

माहेरचं एक होतं, ते लग्नात आम्ही बदललं. बदललेलं मी कधी हाकेला वापरलं न्हाई. चाळीस वर्षं 'अगं' वर भागलं. नाव मला म्हाईत होतं. जिभेपर्यंत आल्तं. अन् तोंडातून निघालं ते, "मी न्हाई घेत."

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवला. हसला न्हाई.

मी घरी गेलो. खिळे उपसले, खिडकीतला फोटो काढला अन् तसाच धुळीसकट नेऊन त्याच्यापुढं ठेवला. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत तिचं नाव छापलेलं होतं. ते मला वाचता येत न्हाई. त्यानं फोटो दाराच्या उजेडात धरला अन् वहीत लिहायला लागला.

मी म्हणलं, "भाऊसाहेब, मोठ्यानं वाचा."

त्यानं वाचलं.