सकाळची गोळी

रोज सकाळी बायको संडासातून बाहेर येईपर्यंत मी तिची रक्त पातळ करायची गोळी हातात घेऊन ओटीवर बसतो. शौच काळं झालं असेल तर आत कुठेतरी रक्त वाहतंय असं समजायचं, गोळी थांबवायची आणि तिला घेऊन बोईसरचं इस्पितळ गाठायचं. नसेल, तर गोळी चुकवायची नाही. हृदयाच्या नळीतला स्टेंट बंद पडेल.

तिने आयुष्यात दारूला हात लावला नाही. साखर होती, अंगाने जड होती. सोनोग्राफीत लिव्हरला चरबी निघाली, पुढे ते कडक होत गेलं. पण आमच्या चिंचणीत लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. बोंबील सुकवणाऱ्या बायकांना गप्पांसाठी एकाचं लिव्हर आठवडाभर पुरतं. म्हणून मीच तिला म्हणालो होतो, "कुणी विचारलं तर पित्त सांग." कारखान्यात रजा टाकून तिला तपासायलाही एकटाच न्यायचो.

मग तिच्या छातीत कळ आली. आमच्याकडे आजारी माणसाबरोबर अर्धी आळी निघते. तिचा भाऊ, वहिनी, शेजारी, सगळे खाटेभोवती उभे. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही आजार?" तिने माझ्याकडे पाहिलं.

"साखर," मी म्हणालो. "आणि थोडं पित्त."

स्टेंट बसला, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. काही दिवसांनी ती मोरीत वाकली आणि रक्ताची उलटी झाली. कडक झालेल्या लिव्हरमुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या, त्यातली एक फुटली. तेव्हा कुठे मी लिव्हरची फाइल बाहेर काढली.

"लिव्हर बिघडलं की रक्तवाहिन्याही सुटत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "साखर, चरबी, आतली सूज दोन्हीकडे पोचते. हे आधी कळलं असतं तर औषधं जपून दिली असती."

बाहेर तिचा भाऊ म्हणाला, "दाजी, लोकां काय, चार दिस बोलली असती."

दुर्बिणीतून शिरा बांधल्या. एक गोळी बंद केली, एक ठेवली.

सुरुवातीला ती मला आत बोलवायची. "या, बघा साहेब, तपासणी करा," म्हणून हसायची. हल्ली आधी पाणी ओतल्याचा आवाज येतो, मग तिचा शब्द, "काळा नाय." इस्पितळाचं नाव काढलं की हात जोडते.

आज ती भिंत धरत बाहेर आली.

"खरं सांग," मी म्हणालो.

"तुमी सांगितला होता?" म्हणत तिने गोळीसाठी हात पुढे केला.

मी मूठ मिटली आणि तिच्या भावाला फोन लावला. गाडी आण म्हणालो.

"काय सांगू लोकांना?" त्याने विचारलं.

"लिव्हर सांग. सगळ्यांना सांग."

ती उंबऱ्यातच बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि हात अजून गोळीसाठी पुढेच होता.