तोंड बांधलेलं गाणं

म्युझिक व्हिडिओचं माह्यं एक शास्त्र होतं, अन् कोणी विचारलं नाही तरी मी ते घरात सांगत राहायचो. गाणं रडकं असलं तर हिरो गाडीच्या बोनेटवर बसला पायजे. गाणं गरिबीचं असलं तर गॉगल महागाचा पायजे. अन् गाणारा माणूस, काही झालं तरी, स्लो मोशनमध्ये चालत आला पायजे, कारण लोक गाणं ऐकत नाहीत, चाल पाहतात. हे शेवटचं मी उगाच बोलून गेलो होतो. तेच खरं निघालं.

गाणं ताईनं लिहिलं होतं. ताई म्हणजे माही मोठी बहीण, बँकेच्या परीक्षा देऊन राहिली होती, अन् गाते अशी की ती बाथरूममध्ये गेली की बाजूचे लोक टीव्ही बारीक करतात. गाणं आपल्या मे महिन्याचं, स्कूटीवर अख्ख्या तोंडाले स्कार्फ बांधून निघालेल्या पोट्टीचं. 'तोंड बांधलं, डोळे उघडे, ऊन म्हणते चाल पुढे.' तिले एकच पायजे होतं, लोकांनी म्हणावं की हे हिनं गायलं.

आई म्हणे, "गा ना वं, नाही कोण म्हणते. पण तोंड दिसलं नाही पायजे अन् नाव नाही पायजे. तुह्यासाठी स्थळं पाहणं सुरू आहे. लोक म्हणतील, पोरगी नाचत फिरते."

"नाचत नाही आहे आई, चालून राहिली आहे," मी म्हटलं.

"तू चूप बस गा."

ताईचं तोंड उतरलं. मले मात्र आनंद झाला. मोठे कलाकार इमेजसाठी मुखवटे बनवून घेतात, आपल्याले आईनं फुकटात देल्ला. गाण्यात स्कार्फ, तोंडावर स्कार्फ, आणखी काय पायजे.

शूटिंग सीताबर्डीच्या बाजारात, भर दुपारी. स्कार्फ तिथंच फुटपाथवर घेतला, गुलाबी, पांढऱ्या ठिपक्यांचा. ठरलं असं, की ताई व्हरायटी चौकाकडून गर्दीतून येईन अन् मी मोबाइल धरून उलटा चालत शूट करीन. आली. अन् काय चालली. खांदे मागं, पर्स झुलवत, जशी काही बर्डी तिच्या बापाची. मी मनात म्हटलं, घरात पाय घासत फिरते अन् कॅमेरा दिसला की पाहा. मेट्रोच्या खांबापर्यंत एका दमात घेतलं. ती निघून गेली अन् मागून पाठीवर थाप पडली.

ताई होती. "काहून गा, मी तिकडं केव्हाची उभी आहे. तू कोणाच्या मांगं फिरून राहिला?"

फुटपाथवाल्याकडं त्याच ठिपक्यांच्या स्कार्फांचा ढीगच होता, हे माह्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग ताईचंही शूट केलं. घरी दोन्ही लावून पाहिलं. ताई ओल्या फरशीवरून चालल्यासारखी चालली होती. तीच म्हणाली, "तिचंच टाक. माहा आवाज तिच्यावर चांगला दिसते." तोंड कोणाचंच दिसत नव्हतं, म्हणून त्या पोट्टीले विचारा लागते हे आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. व्हिडिओ नेटवर टाकला अन् खाली लिहिलं, 'आवाज: एक पोट्टी'.

गाणं चाललं. पानठेल्यावर वाजलं, ऑटोत वाजलं. कमेंटमध्ये सगळे लिहून राहिले, काय चालते, काय तोरा आहे. आवाजाचं कोणी नाव काढेना. ताई रोज रात्री वाचायची अन् मोबाइल पालथा ठेवायची.

मग आमच्या घरी भिशी होती, आईच्या मैत्रिणींची. सांबारवडी झाली, चहा व्हायचा होता. मागच्या गल्लीतल्या काकूंनी मोबाइल काढून व्हिडिओ सगळ्यांले दाखवला. "पाहा, माही भाची."

माह्या हातातली वडी हातातच राहिली.

"चाल पाहा ना वं तिची. अन् पर्स तर मीच देल्ली होती दिवाळीत," काकू म्हणाल्या. "एवढं गोड गाते मेली, अन् आम्हाले पत्ता नाही. विचारलं तर नाही म्हणते. लाजते."

"मग आणा ना तिले पुढच्या भिशीले," कोणीतरी म्हणालं.

काकूंचं चुकत नव्हतं, भाची त्यांचीच असंन. ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती अन् कपांकडं पाहत होती. तोंड नाही, नाव नाही, आईनं जे मागितलं होतं ते सगळं आईले भेटलं होतं.

आईनं वाटी खाली ठेवली. "चाल तुमच्या भाचीची असंन. आवाज माह्या पोरीचा आहे."

"काहीही. तुमची पोरगी तर अशी चालतच नाही," काकू म्हणाल्या.

"गा वं," आई म्हणाली.

ताईनं ट्रे हातात तसाच धरून दोन ओळी गायल्या. काकूंनी आधी मोबाइलकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "आवाज तर तोच आहे. पण तू तशी दिसत नाही ना वं."

बाया गेल्यावर आई मले म्हणाली, "काय गा, त्याच्यात आता हिचं तोंड टाकता येते का?"

"नाही येत. नवीन काढा लागते. अन् त्या पोट्टीले विचारलंच नव्हतं, म्हणून जुना काढून टाका लागते."

"मग काढ. अन् हिले जरा चालाले शिकव."

ताई कप धुऊन राहिली होती. तिथूनच म्हणाली, "मी अशीच चालन."

आईनं जरा विचार केला. "बरं. तोंड दिसलं की चाल कोण पाहते."