पायाळूची लाथ

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले, एवढंच माझं कर्तृत्व. पण राहुरीकडच्या आमच्या गावात कुणाच्या कंबरेत उसण भरली की मला बोलावणं येतं. माणूस पालथा झोपतो, मी पदर पुढं ओढून त्याच्या कंबरेवर हलकी लाथ मारते आणि न बोलता घरी येते. लाथेपेक्षा न बोलण्यानंच माझं नाव झालं असावं.

यंदा आमच्या मालकांच्या मानेवर गळू झालं. घरच्या तज्ज्ञांनी ते पिळलं. जंतू रक्तात गेले, तापानं माणूस बरळायला लागला. नगरच्या दवाखान्यात सलाईन लावून ताप उतरवला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "कुठंही काही दुखलं तरी लगेच या." आमच्याकडं अशा बोलण्याला निरोप समजतात.

घरी आल्यावर मालकांची कंबर धरली. भेटायला आलेल्यांनी बिस्किटांचे पुडे टेकवता टेकवता निदान केलं. चुलत सासरे म्हणाले, "दवाखान्याच्या खाटंनं उसण भरली. आन् घरात पायाळू हाय की."

सासूबाई म्हणाल्या, "बायकूनं नवऱ्याला लाथ मारायची? पाप लागंल."

"मंग आधी पाया पडू दे, मंग मारू दे. फिटलं."

शास्त्र जागेवर तयार झालं. मालक पालथे झोपले. सगळं घर लाथ बघायला बसलं. मी वाकले, त्यांचे दोन्ही तळवे घट्ट धरले, कपाळ टेकवलं. लाथ लांबावी म्हणून जास्तच वेळ टेकवलं.

मालक उशीतून म्हणाले, "अगं, पाया पड की लवकर. मानसं खोळंबलीत."

मी तळव्याला चिमटा काढला. पाय हलला नाही.

"कवा पडनार?"

मी सगळ्यांसमोर तोंड उघडलं. "यांना पाय कळत न्हाईत."

"लाथ मारायची नसंल तर सरळ सांग," चुलत सासरे म्हणाले.

मालकांनी मान वळवून पाहिलं. त्यांचे पाय माझ्या हातात होते. मग गाडी बोलावली.

नगरला मणक्याचा फोटो काढला. ताप उतरला तरी जंतू मणक्यात दडून बसले होते, तिथं पू साचून पायांच्या नसा दाबल्या जात होत्या. लगेच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला असता तर पाय गेले असते. कंबर चोळली, दाबली नाही ना?" चुलत सासऱ्यांना खिडकीबाहेर एकदम काहीतरी दिसलं.

"तुम्हाला कळलं कसं?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी पदर पुढं ओढला.

"आमच्यात सुना रोज पाया पडत्यात," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून मालकांचे पाय संस्कारांनी वाचवले आहेत.

आता ते काठी घेऊन चालतात. गावातली माणसं अजून उसण घेऊन येतात. मी आधी त्यांच्या तळव्याला चिमटा काढते, मागं ताप आला होता का विचारते. त्यांना तो विधीच वाटतो.

मालकांचा डावा अंगठा अजून बधिर आहे. रोज सकाळी पाय पुढं करून म्हणतात, "पड पाया, बघू कळतंय का." देवच झालेत नुसते. मी पडते. चिमटा मात्र जोरात काढते.