सीटखालच्या बॅटऱ्या

गाडी बंद पडली ती ऐन बांधावर, मोसंबीची बाग समोर दिसत असताना. आधी मंद झाली, मंग कण्हली, मंग उभीच राहिली. मी पॅडल दाबदाब दाबलं, उतरून चाकाला एक लाथही घातली. त्यानं गाडी चालणार नव्हती, पण माझं डोकं जरा थंड झालं. शेजारच्या सीटवर आमचे हे बसले होते. मान तिरकी करून माझ्याकडं बघत होते. बोलले काहीच न्हाई. बोलणार कुठून? लकवा मारल्यापासून यांची उजवी बाजू गेली आणि सोबत जीभही गेली. तेव्हापासून घरात एकटीच बोलते ती मी.

ही गाडी म्हणजे गोल्फ कार्ट. हसू नका. गोल्फ खेळणारा माणूस मी अख्ख्या जालना जिल्ह्यात पाहिलेला न्हाई, पण गाडी आहे. भोकरदन रोडवरच्या एका लॉन्सवाल्यानं नवरदेवाला गेटपासून मांडवापर्यंत मिरवत आणायला घेतल्ती. तिच्या बॅटऱ्या यांच्याकडं दुरुस्तीला यायच्या. नवी गाडी आल्यावर लॉन्सवाला म्हणला, "तुम्हीच हिला जगवली, आता तुम्हीच सांभाळा." आणि देऊन टाकली. अजून तिच्या मागच्या दांड्याला कुठल्यातरी लग्नातली चमकी चिकटलेली आहे. निघता निघत न्हाई.

जालन्यात, मस्तगडात आमचं बॅटरीचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, इन्व्हर्टरच्या, कधी एखाद्या वरातीच्या डीजेच्या. हे खाली बसून काम करायचे, मी काउंटरवर. आणि दिवसभर आमची जुंपलेली असायची. "अगं, पाटल्या काढ आधी! पान्याला हात लावती आन् हातात सोनं? मरायचंय का?" असं हे ओरडायचे. "मेले तर तुमच्याच हाताला फोड येतील भाकरी थापून," मी म्हणायचे. गिऱ्हाईकं काम झालं तरी उठायची न्हाईत, फुकटचा तमाशा कोण सोडतं? लोकांना वाटायचं यांचं पटत न्हाई. अरे बाबांनो, आमचं तेवढंच तर पटत होतं.

लकव्यानंतर दुकान उठवलं आणि आम्ही राजूरजवळच्या शेतात राहायला आलो. डॉक्टरांनी सांगितल्तं, यांना जिथं बरं वाटतं तिथं न्या, बोलत राहा, आतून इच्छा झाली तर शब्द येतील. मी एक दिवस यांना गाडीत घालून बागेत नेलं. एका झाडाखाली फळांचा सडा पडलेला. तो बघून यांच्या घशातून आवाज निघाला. शब्द न्हाई, नुसता खर्ज, पण त्यात राग होता, आणि तो राग मी ओळखला. घरी येऊन मी मोरीत तोंड घालून रडले. त्या दिवसापासून रोज दुपारी बागेत जायचं ठरून गेलं. काठी टेकत हे घरापासून शेडापर्यंत जेमतेम जातात, आणि चाकाची खुर्ची आमच्या काळ्या मातीत रुतते. म्हणजे गाडी बंद तर बाग बंद, आणि बाग बंद तर यांचा आवाज बंद. माझ्या डोक्यात हे गणित असं पक्कं बसलं होतं.

धाकट्या दिरानं ट्रॅक्टर आणून गाडी ओढून शेडात लावली. "वहिनी, द्या आता भंगारात. बॅटऱ्या गेल्या हिच्या."

"भाऊजी, तुमच्या जिभेला काही हाड? चहा घ्या आन् जा."

चार्जर लावला. त्याला एक दिवा असतो, चार्ज होताना लाल, भरल्यावर हिरवा. रात्रभर लाल राहायचा तो माझा चहा उकळायच्या आत हिरवा झाला! गाडी उपाशी आणि दिवा म्हणतो पोट भरलं. जालन्यातल्या एका बॅटरीवाल्याला फोन केला, तर न बघताच म्हणतो कसा, सगळ्या बॅटऱ्या नव्या टाका. म्हटलं, ताप आला म्हणून माणूस बदलतं का कोणी? आणि ठेवला फोन.

मंग मी पदर खोचला. दुकानात बसून हे काय काय करायचे ते डोळ्यापुढं आणत गेले. यांची खुर्ची शेडात आणून समोर ठेवली, कारण माझं चुकलं तर निदान चेहऱ्यावर दिसेल.

आधी लाइट. शेतातली लाइट म्हणजे या हप्त्यात दिवसाची, पुढच्या हप्त्यात रातची, आणि आली तरी दम न्हाई. त्याच बोर्डावर मिक्सर लावला. शेंगदाण्याचा कूट झाला, बारीक झाला. म्हणजे लाइट बराबर. मंग चार्जरची पिन. तिच्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, ते कोरून काढलं. दिवा तरीही झटक्यात हिरवा. मंग पाणी. सीट उचलली, बॅटऱ्यांची बुचं उघडली, टॉर्च मारून पाहिलं. एखाददुसऱ्या खान्यात पातळी खाली गेल्ती, तिथं डिस्टिल वॉटर घातलं. हे डोळे मिटून बसले होते. यांचे डोळे मिटलेले म्हणजे सगळं ठीक, हे मला ठाऊक होतं. काम बिघडत असताना या माणसाला डोळे मिटताच येत न्हाईत.

मीटर लावला. एकेका बॅटरीचा आकडा मोठ्यानं म्हणत गेले, दुकानात म्हणायचे तसा. सगळे आकडे जवळजवळ सारखे. आता गंमत बघा, बॅटऱ्या चांगल्या, चार्जर चांगला, लाइट चांगली, आणि गाडी ठार. हे म्हणायचे, बसलेल्या माणसाची नाडी पाहून काय कळतं, त्याला जिना चढायला लावा. मी दिराला बोलावलं, मागची चाकं जॅकवर उचलून घेतली, यांची खुर्ची गाडीच्या कडेला सरकवून डावा पाय पॅडलवर ठेवला.

"दाबा," म्हटलं.

यांनी दाबलं. चाकं हवेत फिरली आणि मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एका कामाला लागलो होतो. मी म्हणायचे दाबा, हे दाबायचे. सोडा म्हटलं की सोडायचे. मला मधेच इतकं बरं वाटलं की आकडा वाचायचा राहून गेला. मंग गाडी बंद करून, पाटल्या काढून, एकेका जोडाला हाताची मागची बाजू लावत गेले. जोड सैल असेल, सडला असेल, तर तो तापतो. सगळे गार. शेवटी यांच्या बाजूच्या कोपऱ्यातली बॅटरी. तिच्या जोडावर एक फडकं होतं. मघाशी मीटरची टोकं मी त्या फडक्याखालूनच घातल्ती. आता वरून हात लावला आणि चटका बसला.

"सापडला!" मी ओरडले आणि फडकं उचललं. फडकं कसलं, यांचा हातरुमाल होता तो.

खाली सगळा राडा. जोडावर हिरवट पांढरी बुरशी फुगून आलेली. तिच्यावर हळद, तिच्यावर कुंकू, थरावर थर. अक्षता. कुजलेलं जास्वंदाचं फूल. आणि सगळं ओलं, ताज्या पाण्यानं ओलं.

माझं डोकंच फिरलं. कुणी केलं हे? दिराकडं पाहिलं, त्यानं कानाला हात लावले. बायामाणसांचं येणंजाणं आमच्या शेडात न्हाई. मी केलं म्हणावं तर मला यांनी कधी करूच दिलं न्हाई. दसऱ्याला अख्ख्या बाजारात यंत्रांची पूजा व्हायची आणि आमच्या दुकानात माझी नि यांची मारामारी. "देव देवघरात आन् ॲसिड बॅटरीत! तुझं ते तांब्यातलं पाणी तिथं शिंपडलं ना, तर करंट झिरपून बॅटरी जागच्या जागी मरंल." शेवटी मी शटरला कुंकू लावून गप बसायचे. देवाला हात जोडताना या माणसाला मी उभ्या जन्मात पाहिलं न्हाई. राजूरच्या गणपतीला मी दर चतुर्थीला जाते. तेव्हाही पूर्वी हे म्हणायचे, "ये जाऊन, माझ्या वाटचा पेढा तेवढा आण."

कुंकवाचे पट्टे जोडावर तिरपे होते. डावीकडून ओढलेले, थरथरत.

मी वळून पाहिलं. यांनी डावा हात मांडीखाली दडवला.

"दाखवा," मी म्हटलं. दाखवेनात. मी ओढून काढला. नखांत लाल.

मी चतुर्थीला राजूरला गेले की, आज सकाळीही गेल्तेच, हा माणूस काठी टेकत शेडात यायचा, एका हातानं सीट उचलायचा, आणि पूजा करायचा. बॅटरीची. देवघरातला देव नको झाला असेल, लाज वाटत असेल त्याच्याकडं जायची, म्हणून आपल्या ओळखीच्या जागी त्याला बसवला. मला हसू आलं आणि हसता हसता मी चिडले, अशी चिडले की दीर उठून बाहेरच गेला. "अक्कल कुठं गहाण टाकल्ती? जन्मभर मला शिकवलं आन् स्वतः काय करून राह्यले? झिरपून मारली ना बॅटरी? मारली ना?" सगळी यांचीच वाक्यं, मला शोधावीही लागली न्हाईत. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदरानं ते पुसलं.

"काय मागत होतात हो?" मी विचारलं.

यांनी डाव्या हाताचा अंगठा उचलून आपल्या ओठांवर टेकवला. मंग तोच हात माझ्याकडं केला. मी तिथंच जमिनीवर बसले. तिकडं राजूरला रांगेत उभं राहून मीही तेच, यांचा आवाज, मागत होते. दोघं दोन ठिकाणी एकच मागणं, आणि एकमेकांपासून चोरून. गणपतीच्याही कानाला कंटाळा आला असेल.

मंग काय, गरम पाण्यात खायचा सोडा घातला, जुन्या ब्रशानं जोड घासला. फसफस करत सगळी घाण वर आली. कोरडं पुसलं, पॉलिश पेपरनं चकाकवलं, नट आवळला, वर व्हॅसलिन. हे प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते. चार्जर लावला. दिवा लाल झाला आणि लालच राहिला. जेवणं झाली तरी लाल. मी दर थोड्या वेळानं उठून बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बागेत गेलो. गाडी सरळ गेली, चढावरही कण्हली न्हाई. सावलीत लावली. खाली फळं पडलेलीच होती. मी यांच्या तोंडाकडं बघत बसले. आवाज आला न्हाई. साधा खर्जही न्हाई. वारा सुटला, पाखरं आली नि गेली.

"बोला की," मी म्हटलं. "शिव्या द्या. हे कसलं फळ सांभाळलं म्हणा."

मंग मला राहवेना. मीच सुरू झाले, दोघांच्या वाटचं. यांच्या आवाजात मला ओरडले, माझ्या आवाजात यांना उत्तर दिलं. यांचा चेहरा खुलला, एक बाजू हसली. मला चेव आला. दुकानातलं सकाळपासूनचं सगळं म्हणत गेले, पहिलं गिऱ्हाईक, जेवणाचा डबा, दुपारची डुलकी, आणि शेवटी शटर ओढायची वेळ आली. शटर अर्ध्यावर आणून हे रोज माझ्याकडं बघून एक वाक्य म्हणायचे. तेवढं एकच वाक्य दिवसभरात मऊ आवाजात म्हणायचे.

"चला बाईसाहेब, घरी," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. न्हाई.

"चला, झालं आजचं?"

न्हाई.

"थकली का गं?"

न्हाई. मान जोरात हलली. हे माझ्याकडं असे बघत होते की जणू मला आठवणारच, आत्ता आठवेल. इतकी वर्षं रोज ऐकलेलं वाक्य. मी डोळे मिटले, शटरचा खडखडाट ऐकू आला, यांचा हात दिसला, ग्रीसचा वास आला. ओठ हललेले दिसले. वाक्य आठवेना, आवाज न्हाई आला.