फळीवरचं नाव

क्योतोच्या स्टुडिओत सेन्किची कुरामोची एकवीस वर्षं मरत होता. गुंडटोळ्यांच्या त्या चित्रपटमालेच्या सात भागांत तो सात वेळा मेला. तलवारीनं, गोळीनं, एकदा तर कढत नूडल्सच्या हंड्यात तोंड खुपसून. पडद्यावर नाव? एकदाही नाही. ज्यांच्या रक्तावर पोस्टरं रंगतात, त्यांची नावं छापायला शाई महाग पडते म्हणे!

आठवा भाग शेवटचा. त्यातल्या अंत्यविधीच्या प्रसंगात मेलेला म्हणून नुसती त्याची तसबीर हवी होती. शेजारी मृताच्या नावाची फळी. पण पटकथेत होतं फक्त ‘दुसरा हस्तक’.

“माझंच लिहा,” सेन्किची म्हणाला. “ठळक. कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे.”

सामान सांभाळणाऱ्या फुसाएबाईंनी कुंचला खाली ठेवला. “डोकं फिरलंय का तुमचं? दिग्दर्शकसाहेबांनी खरा भिक्षू बोलावलाय. नाव खरं, मंत्र खरे. मग खोटं उरलं काय?”

“मी! मागच्या रांगेत धडधाकट बसणार आहे की. लिहा हो, तुमचा हात काय झिजतोय?”

बाईंनी लिहिलं. त्याच्याकडे न बघता.

चित्रण सुरू झालं. काळ्या कपड्यांतले चाळीस जण माना खाली घालून बसले. भिक्षूनं मंत्रांत नाव घेतलं, कुरामोची सेन्किची, आणि मागच्या रांगेत सेन्किचीची मान झटकन वर झाली. एकेक जण उठून तसबिरीपुढे धूप घालू लागला. ओकिता, त्याचा जुना दारूचा सोबती, परत आला तो खरोखर रडत.

“ए ओकिता, अरे मी इथं बसलोय.”

ओकितानं वर पाहिलं नाही.

सेन्किची ताडकन उठला. “थांबवा! काढा ती फळी! जिवंत आहे मी!”

एकही मान वळली नाही. ‘कट’ ऐकल्याशिवाय हलायचं नाही, हे या सगळ्यांना त्यानंच शिकवलं होतं. आणि साहेब ‘कट’ म्हणेनात. मंत्र चालूच. धडपडत तो वेदीपाशी गेला, फळी उचलली. मोडून टाकायची होती. हात धजेना. एकवीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं गेलेलं नाव ते. त्यानं फळी जागेवर ठेवली, हलकेच सरळ केली.

“कट! झकास!”

चित्रपटात तो प्रसंग तसाच आहे. आवाज नंतर भरला, त्यात त्याची हाक नाही. नाव लख्ख वाचता येतं. पुढे उभ्या माणसाची फक्त पाठ दिसते.

“हा कोण हो?” थिएटरात शेजारच्यानं विचारलं.

सेन्किचीला सांगता येईना.