एकच भांडं, दोन येळचं दूध

सौंदर्या मूळची गडहिंग्लजकडची, आता कोल्हापुरात शाहूपुरीत एका कंपनीत प्रोग्राम लिवती. स्वभाव संशयी. दुकानदारानं बंद पुडा दिला तर तिथंच फोडून बघंल. बिद्रीकडच्या एका दूध संस्थेचा प्रोग्राम तिच्याच हातचा.

त्या संस्थेत चिमणाबाई फॅट मोजती. आठवडा झाला, पडद्यावर हरेक सभासदाचं सकाळचं आन् सांजचं फॅट तंतोतंत सारखं दिसाय लागलं, एरवी ते निराळं असतंय. चेरमन उदयसिंहानं ठरवलं, बाई सकाळी मोजतच न्हाय, सांजचेच आकडे दोनदा टाकती. सोमवारी तिला कामावरनं काढायचा कागद तयार. तिनं सभासदांची फॅटची कार्डं दाखवली, त्यावर दोन येळचे आकडे निराळे, तर म्हणाला, कार्डं तूच लिवतीस की.

सौंदर्यालाबी बाईचाच संशय. रविवारी पहिल्या यष्टीनं येऊन ती बाईच्या मागं उभी ऱ्हायली, हातावर नजर ठेवून. बाई भांड्यात दूध घ्यायची, यंत्रात धरायची, आकडा मोठ्यानं वाचायची, कार्डावर लिवायची, मगच भांडं रिकामं करायची. रांगेतला बाळासो कावला, "आक्का, वत की म्होरलं, लिव मागनं."

"भांडं एकच हाय," चिमणाबाई म्हणाली. "म्होरलं वतल्यावर तुझं फॅट कुठनं आणू?"

सौंदर्याला तिथंच उमगलं, आपल्या प्रोग्रामातबी भांडं एकच. आठवड्यामागं तिनंच प्रोग्राम बदललेला. आधी दर येळेला आकड्यांची नवी ओळ, म्हंजे ॲरे, व्हायची. जागा वाचवायला तिनं एकच ओळ ठेवली, सकाळच्या आकड्यांवरच सांजचे लिवायचे. त्यात प्रोग्रामची भाषा हास्केल. कुणी मागितल्याबिगर ती काय मोजतच न्हाय. सकाळची यादी 'करायची हाय' एवढ्यावरच पडून ऱ्हायची, चेरमन सांजचं बघाय बसला की मग ओळीत डोकवायची. तवर तिथं सांजचे आकडे बसलेले.

तिनं तिथंच लॅपटॉप उघडला. सकाळचं माप संपताच यादी तवाच्या तवा निघून वेगळ्या ओळीत उतरंल असं केलं. सांजंला दोन्ही येळचे आकडे निराळे आले.

"चूक बाईची न्हाय, माझी हाय," ती उदयसिंहाला म्हणाली.

त्याला वाटलं, दोघी मिळून झाकाझाकी करत्यात. त्यानं बाळासोच्या देखत मोजून लिवलेलं कार्ड त्याच्या खिशातनं काढून घेतलं, पडद्याशी लावून बघितलं. सकाळचं जुळलं, सांजचं जुळलं. मग त्यानं कागद फाडला.

दुसऱ्या दिवसापासनं चिमणाबाई रोज दोन्ही येळला पडद्याचा फोटो काढाय लागली. सौंदर्यानं फोनवर इचारलं, आता कशाला?

"तुझ्यावर नजर नको व्हय?" बाई म्हणाली.