बारीकरावांची केसरेघ

देहाने चांगले ऐसपैस, पण कारखान्यात सगळे त्यांना बारीकराव म्हणत. नाव पडलं ते रेघेवरून. छपाईची अक्षरं काढणं हा त्यांचा धंदा. मोठ्या कागदावर उभी रेघ अंगठ्याएवढी जाड, तिला जोडणारी रेघ केसाएवढी, आणि टोकांना ब्लेडने कापल्यासारख्या चिमुकल्या पट्ट्या. अकरा वर्षं त्यांनी या एकाच वळणावर घालवली होती. अत्तराच्या खोक्यांवर, मासिकांच्या मथळ्यांत ते अक्षर काय मिरवायचं म्हणता!

आता मालकांना तेच अक्षर पुस्तकांसाठी हवं होतं, लहान आकारात.

"केसरेघ जरा जाड करा हो. लहान छापलं की दिसतच नाही ती," मालक महिनाभर मागे लागले होते. बारीकराव ढिम्म. रेघ जाड केली की अक्षराची ऐटच गेली! खरं सांगायचं तर माणूस थकला होता. मान धरलेली, हात कापायचा. शेकडो अक्षरं पुन्हा काढायची म्हटलं की नको वाटायचं. सोमवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर काम दुसऱ्याकडे देतो, असं मालकांनी शेवटी सांगून टाकलं.

"लहान छापलेला नमुना घरी बायकोकडून वाचून घेतो, मग बोलू," बारीकराव म्हणाले.

घरी बायको. तिचा जन्म प्रुफं तपासण्यात गेलेला. नवऱ्याच्या अक्षराचा प्रत्येक नमुना आधी तिच्यापुढे यायचा, आणि तिने घडाघडा वाचला की पास. मजकूर वर्षानुवर्षं एकच, गवंडी विहीर बांधतो तो उतारा.

रविवारी दुपारी ती खिडकीशी बसली, कागद डोळ्यांजवळ धरला आणि सुरू झाली, "गवंड्याने पहिला दगड ठेवला, दोरी ताणून पाहिली..." कुठे अडखळली म्हणून नाही.

"बघ! आणि म्हणे दिसत नाही," बारीकराव खुशीत म्हणाले. कागदाची घडी घालता घालता त्यांची नजर त्यावर गेली. मशीनवाल्याने या खेपेला दुसराच उतारा छापला होता. चांभार गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेत होता. गवंड्याचा पत्ताच नव्हता.

त्यांनी कागद पुन्हा उलगडला. "अगं, यात विहीर नाहीये."

तिने चष्मा काढला. "दोन वर्षं झाली, पाठच म्हणतेय. नुसत्या काठ्या रोवल्यासारख्या दिसतात, मधलं काहीच नाही. तुम्ही एवढ्या हौसेने आणायचात. कसं सांगायचं?"

"डोळे फार बिघडलेत का गं?"

"थोडे. बाकीची पुस्तकं वाचते की, डोळ्याला लावून. तुमचंच तेवढं वाचता येत नाही."

बारीकरावांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. सोमवारी मालकांना त्यांनी एवढंच सांगितलं, "मीच करतो."

पाच महिने गेले. मानेला पट्टा, उजव्या हाताला डाव्याचा टेकू, आणि एकेक केसरेघ पुन्हा काढायची. रोज वाटायचं, पुरे झालं. मग नवा नमुना छापून आला. त्यांनी मशीनवाल्याला मुद्दाम बजावलं होतं, आजवर न छापलेला उतारा घाल.

ती खिडकीशी बसली. "ना... नावाड्याने... थांबा हं... दोर... दोर सोडला."

एका ओळीत चार वेळा अडली. "आज फारच अडखळतेय हो मी," ती ओशाळून म्हणाली.

बारीकरावांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"अडखळ गं," ते म्हणाले. "वाच पुढे."